लीशच्या दुसऱ्या टोकाचं माणूस

मागच्या अंकात थेरपी डॉगबद्दल, म्हणजे वृद्धांना, आजारी माणसांना, मुलांना भेटून बरं वाटावं म्हणून नेल्या जाणाऱ्या कुत्र्यांबद्दल, ओझरतं लिहिलं होतं आणि मग एवढे प्रश्न आले की या वेळी दुसरं काहीच घेता आलं नाही. मी पुण्यात कुत्र्यांचं ट्रेनिंग करते, त्यातल्या काही जोड्या वृद्धाश्रमात आणि शाळांमध्ये व्हॉलंटियर म्हणून जातात. जोडी म्हणजे एक कुत्रा आणि एक माणूस, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : आमचा लॅब ब्रुनो दीड वर्षाचा आहे, प्रचंड फ्रेंडली, दारात कोणीही आलं की उड्या मारून तोंड चाटतो. त्याला वृद्धाश्रमात न्यायची इच्छा आहे. किती दिवसांचा कोर्स असतो? आम्ही दोघं नोकरी करतो, त्यामुळे त्याला तुमच्याकडे ठेवून ट्रेन करून मिळेल का? – एक वाचक, ठाणे

ब्रुनोवर माझा काही राग नाही, पण तुम्ही ज्याला फ्रेंडली म्हणताय ना तीच पहिली अडचण आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी वॉकर धरून उभ्या आहेत आणि समोरून तीस किलोचा लॅब प्रेमाने धावत आला तर काय होईल ते डोळ्यासमोर आणा. म्हातारपणी कातडी कागदासारखी झालेली असते, त्यात बऱ्याच जणांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, नखाचा साधा ओरखडासुद्धा लवकर थांबत नाही. आपल्याला हवा असतो तो माणूस दिसल्यावर खूश होणारा पण चारही पाय जमिनीवर ठेवणारा कुत्रा.

सुरुवात म्हणून मी अमेरिकन केनेल क्लबची 'केनाइन गुड सिटिझन' टेस्ट वापरते, ती 1989 पासून चालू आहे आणि तिच्यात दहा गोष्टी असतात. अनोळखी माणूस जवळ आला तर नीट राहणं, गर्दीतून लीश (हातात धरायचा पट्टा) न ओढता चालणं, दुसरा कुत्रा समोर आला तरी अंगावर न जाणं, मालक तीन मिनिटं नजरेआड गेला तरी न घाबरणं वगैरे. पण हा फक्त पाया झाला, पुढची तयारी घरातल्या सामानावरच होते. कोणाकडून तरी जुना वॉकर आणा, काठी मुद्दाम खाली पाडा, मागे स्टीलचं ताट आपटा. कुत्रा दचकला तर चालतं हो, आपण पण दचकतोच, मी बघते ते सावरायला त्याला किती वेळ लागतो. आणि 'लीव्ह इट', म्हणजे 'सोड ते, तोंड लावू नको', तर झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे कारण वृद्धाश्रमातल्या फरशीवर ग्लुकोजचं बिस्किट पडलेलं असतं तशी बीपीची गोळीसुद्धा पडलेली असते.

दिवसांचा आकडा मी देत नाही. आणि ठेवून ट्रेन करायचं म्हणाल तर या कामासाठी नाही, कारण निम्म्याहून जास्त शिकायचं तुम्हालाच आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी दोघांपैकी एकाला तरी जमणार असेल तर या.

प्रश्न : आमची राणी रस्त्यावरून आणलेली गावठी आहे. तिला घेतात का? – कोल्हापूर

घेतात की. जातीचं काही नाही. फक्त पिल्लू तीन ते साधारण बारा-चौदा आठवड्यांचं असताना त्याने काय पाहिलं यावर पुढचं बरंच ठरतं आणि राणीचे ते दिवस तुम्हालाही माहीत नसणार, त्यामुळे लहान मुलं, काठीवाले आजोबा, हेल्मेट घातलेले डिलिव्हरीवाले यांच्याशी ती कशी वागते ते आधी महिनाभर नुसतं बघा.

प्रश्न : माझी गोल्डन रिट्रिव्हर माऊ सिट, डाउन, स्टे सगळं एका शब्दावर करते. तरी आमच्या ट्रेनरने तिसऱ्या व्हिजिटनंतर सांगितलं की तिला हे काम आवडत नाहीये, थांबवू या. ती कधी गुरगुरली नाही, कोणाला दात दाखवले नाहीत. मला तर खूप अपमान वाटला. – नाशिक

असा ट्रेनर मिळाला हे तुमचं नशीब, पण अपमान वाटणं समजू शकते, मी स्वतः त्यातून गेलेय. माझा कुत्रा भिडू सगळ्या कमांड्समध्ये पहिला नंबर. एका संस्थेत आम्ही जायला लागलो. पहिल्याच दिवशी एक आजोबा त्याच्या डोक्यावर थोपटत होते आणि भिडू जांभया देत होता, मी कौतुकाने म्हटलं बघा कसा रिलॅक्स झालाय. प्रत्यक्षात तो मान दुसरीकडे वळवत होता, काही खाल्लं नसताना ओठ चाटत होता, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता. मी शिकवते हे लोकांना! पण तेव्हा मी तिथल्या ताईंशी गप्पा मारत होते आणि अर्धं लक्ष फोटो कसा येईल याच्यात. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी गाडीचं दार उघडलं तर भिडू सीटखाली जाऊन बसला आणि उतरलाच नाही. दोन आठवडे तो पाहुण्यासारखा 'नको नको' म्हणत होता आणि मी वाढतच होते.

आज्ञा पाळणं आणि आवडणं यात फरक आहे. 'स्टे' म्हटलं म्हणून माऊ बसून राहते, पण उठून जायची मुभा असती तर ती बसली असती का? घरी करून बघा, पाहुण्यांना सांगा तिच्या छातीला किंवा खांद्याला हात लावा, डोक्यावरून नको, आणि तीन सेकंदांनी हात काढून घ्या. ती पुढे सरकून हाताला नाक लावते की अंग झटकून निघून जाते? हे रोज बघायची सवय लागली की तुमचं अर्धं ट्रेनिंग झालं. व्हिजिटच्या वेळी हँडलरची, म्हणजे जोडीतल्या माणसाची, नजर कुत्र्यावर, फोन गाडीत. अमेरिकेतल्या पेट पार्टनर्स संस्थेने दिवसाला दोन तासांची कमाल मर्यादा घातलीये, माझ्या जोड्यांना मी चाळीस मिनिटांनंतर बाहेर काढते, उन्हाळ्यात त्याच्याही आधी.

माऊला घरातली माऊच राहू द्या. भिडूसुद्धा आता फक्त घरी असतो, मजेत आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. कुत्र्याला थेरपी डॉग केलं की भारतात येताना विमानात केबिनमध्ये आणता येईल असं मित्र म्हणाला. ऑनलाइन जॅकेट आणि सर्टिफिकेट पण मिळतंय.

मित्राचं ऐकू नका आणि ते जॅकेट तर अजिबात घेऊ नका. अमेरिकन कायद्यात दुकानात, हॉटेलात जायचा हक्क आहे तो सर्व्हिस डॉगला, म्हणजे अपंगत्व असलेल्या एका माणसासाठी ठरावीक काम शिकलेल्या कुत्र्याला. थेरपी डॉग दुसऱ्यांना भेटायला जातो आणि जिथे बोलावलंय तिथेच जातो. इमोशनल सपोर्ट हा तिसराच प्रकार, त्यांनासुद्धा सर्व्हिस डॉगसारखं न्यायची सक्ती 2021 च्या जानेवारीपासून एअरलाइन्सवर राहिलेली नाही.

खरंच व्हॉलंटियर व्हायचं असेल तर मात्र तुम्ही योग्य ठिकाणी आहात, थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल ही जुनी संस्था 1976 साली न्यू जर्सीतच एका नर्सने सुरू केली होती. पेट पार्टनर्सकडे कुत्रा किमान एक वर्षाचा आणि तुमच्याकडे सहा महिने राहिलेला लागतो, दर दोन वर्षांनी परत परीक्षा. कच्चं मांस खाणारा कुत्रा घेत नाहीत, साल्मोनेलासारखे जंतू आजारी माणसापर्यंत जायची भीती असते.

प्रश्न : मी पुण्यातल्या एका स्पेशल स्कूलमध्ये शिकवते. आमच्याकडे ऑटिझम असलेली मुलं आहेत. जोडी बोलवायची असेल तर ट्रेनरला काय विचारायचं?

पहिलं हे विचारा की कुत्रा गुरगुरला तर तुम्ही काय करता. 'एक रट्टा देतो, परत करत नाही' असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचा हॉर्न आहे, मार खाऊन तो हॉर्न बंद होतो, भीती तशीच राहते आणि मग एक दिवस तो न सांगता चावतो. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा पट्टा) दिसली तरी तेच. मग रेबीज आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) लसीकरणाची वही मागा, फोटो नको वहीच, आणि पावसाळ्यात गोचिडांसाठी काय करता तेही विचारा.

मुलांचं म्हणाल तर कोणाचाही हात धरून कुत्र्यावर ठेवायचा नाही. माझ्याकडचा एक मुलगा पहिले तीन आठवडे फक्त लीशचं टोक धरून बसायचा, कुत्र्याकडे बघायचा पण नाही. चौथ्या आठवड्यात त्याने शेपटीचे केस मोजायला सुरुवात केली, कुत्री झोपून राहिली. आम्ही काही बोललो नाही.

मुंबई-पुण्यात ॲनिमल एंजल्स फाउंडेशन बरीच वर्षं हे काम करतेय, त्यांच्याकडेही चौकशी करा. आणि एक, शाळा नदीपात्राजवळ असेल तर जुलैपासून गणपतीपर्यंत संध्याकाळची वेळ देऊ नका, ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसमध्ये माझी सगळ्यात शांत कुत्रीसुद्धा टेबलाखाली जाते.