क्रेन नसताना बोट ट्रेलरवरून जमिनीवर सुरक्षितपणे कशी उतरवायची?

उतरवता येते, आणि तुम्ही वर्णन केलेल्या बोटीसाठी क्रेनची गरजही नाही. 16 फुटी फायबरची बोट, मागे बाहेरून लावलेलं 60 अश्वशक्तीचं इंजिन (आउटबोर्ड), एका आसाचा ट्रेलर आणि खाली सपाट काँक्रीट. तळ रंगवायचा आणि ट्रेलरच्या चौकटीला वेल्डिंग करायचं, तर बोट बाजूला काढावीच लागेल. ज्यांना फक्त ट्रेलरवरच्या, बोट जिच्यावर टेकते त्या लाकडी फळ्या बदलायच्या असतात, त्यांना मी उतरवू नका असंच सांगतो. एका बाजूला आधार देऊन बोट दोन इंच उचलायची, ती फळी बदलायची, मग दुसरी. तुमचं काम तेवढ्यावर भागणार नाही.

बोटींच्या दुरुस्तीत मी एकच गोष्ट सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत असतो: जॅक उचलतो, धरून ठेवत नाही. धरायचं काम लाकडाच्या थप्पीचं. सकाळी हायड्रॉलिक जॅकवर उचललेली बोट दुपारपर्यंत बोटभर खाली आलेली मी पाहिली आहे. जॅकच्या बुडाशी तेलाचा रुपयाएवढा डाग, बाकी काही खूण नाही. त्या वेळी खाली थप्पी होती, म्हणून कुणाचं काही गेलं नाही. जॅकने एक इंच उचललं की लगेच खाली लाकूड सरकवा आणि मगच पुढचा इंच.

आधी वजन कमी करा. तळाचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायचं बूच, काढून आत साचलेलं पाणी पूर्ण जाऊ द्या. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, आणि पुढचं टोक वर गेलं की ते सगळं मागे धावतं. 100 लिटर पेट्रोलचे साधारण 75 किलो होतात. सुटी टाकी असेल तर ती, शिवाय बॅटरी, नांगर, सामान सगळं बाहेर. या ताकदीच्या आउटबोर्डचं वजन 110 ते 120 किलोच्या आसपास असतं आणि ते बोटीच्या अगदी टोकाला लटकलेलं असतं. ते उतरवायची सोय असेल तर आधी तेच उतरवा, पुढचं सगळं सोपं होईल. नसेल तर वर तिरकं करून त्याच्या खटक्यावर अडकवा, नाहीतर मागची बाजू खाली येताना त्याचं खालचं टोक जमिनीला टेकेल.

लाकूड चांगलं घ्या. चार बाय चार इंचाचे, गाठी आणि चिरा नसलेले, दोन-अडीच फूट लांबीचे ठोकळे. दोन समांतर, त्यावर काटकोनात आणखी दोन, अशी चौकट रचत जायची आणि प्रत्येक ठोकळ्याचं टोक खालच्या ठोकळ्याच्या बाहेर चार इंच तरी राहू द्यायचं. थप्पीची उंची तिच्या पायाच्या रुंदीच्या तिप्पट हा कमाल आकडा समजला जातो. बोटीखाली मी दीडपटीच्या वर जात नाही. काँक्रीटचे पोकळ ब्लॉक मात्र अजिबात नकोत. लाकूड दबताना करकरतं, चेपतं, तुम्हाला वेळ देतं. ब्लॉक एका क्षणात फुटतो.

आता आधार कुठे द्यायचा ते. बोटीचं वजन कीलवर, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यावर, आणि ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या सपाट भिंतीच्या, दोन्ही कोपऱ्यांखाली यायला हवं. तिथे आतून मजबुती असते. बाकीचा तळ सपाट आणि लवचीक असतो, तिथे जॅकचं डोकं टेकवलं तर फायबर आत दबतं. जॅक आणि तळ यांच्यामध्ये नेहमी फूटभर रुंद जाड फळी, वर गालिच्याचा तुकडा. बोटीतलं एखादं झाकण किंवा दार आधी नीट लागत होतं आणि आता अडकायला लागलं, तर समजा की बोट पिळवटते आहे, आधार हलवा.

प्रत्यक्ष क्रम असा. ट्रेलर गाडीपासून सोडा, त्याच्या पुढच्या दांड्याचा जॅक जमिनीवर टेकवा आणि चाकांना पुढून-मागून दोन्हीकडून ठोकळे लावा. विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या हाताच्या चरखीचा, पट्टा आणि साखळी अजून सोडायची नाही. दांडा जितका खाली नेता येईल तितका न्या. ट्रेलर आसावर कलतो आणि बोटीचा मागचा भाग वर येतो. ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांखाली, ट्रेलरच्या फळ्यांच्या बाहेरच्या बाजूला, थप्प्या रचा. मग दांडा हळूहळू वर उचला. मागची बाजू थप्प्यांवर बसते आणि पुढची उचलली जाते. वजन लाकडावर येताना एक बारीक करकर ऐकू येते. तिथे थांबा, दोन्ही थप्प्या सारख्या दबल्या आहेत का ते वाकून पाहा, आणि एक सैल असेल तर पाचर ठोका. दांडा आणखी वर घेऊन पुढे कीलखाली, ट्रेलरच्या आडव्या पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, तिसरी थप्पी रचा. आता दांडा पुन्हा खाली. बोट तीन थप्प्यांवर राहते आणि ट्रेलर तिच्यापासून सुटा होतो.

विंच सोडायची वेळ ही. वजन थप्प्यांवर गेल्यावरच, आणि हँडल घट्ट धरून. ताणाखाली असलेल्या विंचचा खटका उचलला तर हँडल इतक्या वेगाने फिरतं की मनगट मोडतं. शिवाय फळ्यांऐवजी फिरत्या रोलरांचा ट्रेलर असेल आणि जमिनीला जरा उतार असेल, तर पट्टा सुटताच अख्खी बोट आपोआप मागे घरंगळू शकते. म्हणून उतारावर हे काम करूच नका.

ट्रेलर बोटीला घासत असेल तर त्याच्या टायरमधली हवा थोडी कमी करा. तेवढ्याने इंच-दोन इंच मिळतात आणि बोट आणखी उचलावी लागत नाही. उंची जितकी कमी तितकं बरं.

मग चाकांचे ठोकळे काढून ट्रेलर पुढे ओढायचा. हाताने, वीतभर वीतभर. मागच्या थप्प्या आड येत नाहीत, पण ट्रेलरची आडवी पट्टी पुढे सरकत कीलखालच्या थप्पीला येऊन भिडेल. तिथे थांबून चाकं पुन्हा अडवा, त्या पट्टीच्या मागच्या मोकळ्या जागेत कीलखाली नवी थप्पी रचा, जॅकने किंचित उचलून वजन तिच्यावर घ्या आणि जुनी काढा. प्रत्येक पट्टीला आणि आसाला हेच. यातली शेवटची अदलाबदल जपून करा: कीलखालचा आधार जसजसा मागे जातो, तसतसं पुढचं टोक अधांतरी लांबत जातं. ट्रेलरचा आस ओलांडला की लगेच पुढे एक थप्पी परत रचून घ्या. बाजूंना टेकू मिळाले तर लावा. साखळीने समोरासमोरच्या जोड्या बांधलेले बोट स्टँड सगळ्यात चांगले, कारण एकटा स्टँड बाहेर सरकू शकतो. मात्र ते फक्त तोल सांभाळतात, वजन कीलनेच घ्यायला हवं.

उचलणं-सरकवणं चालू असताना बोटीखाली कुणी जायचं नाही, आणि ठोकळा सरकवताना हाताची बोटं ठोकळा आणि तळ यांच्यामध्ये घालायची नाहीत, काठीने ढकला. तुम्ही दोघं आहात असं लिहिलंत. तिसरा माणूस बोलवा. त्याच्या हातात काहीच काम देऊ नका. थोडं लांब उभं राहून त्याने फक्त बोट आणि थप्प्या पाहायच्या, आणि तो 'थांबा' म्हणाला की दोघांनीही हात थांबवायचे. काम करणाऱ्याला आपल्या समोरची थप्पी दिसते, पलीकडची कलत असेल तर ती दिसत नाही.

लहान ॲल्युमिनियमच्या बोटीसाठी लोक मागचा भाग भक्कम खांबाला बांधून जुन्या टायरांवर ट्रेलर पुढे ओढून घेतात. 100-150 किलोच्या रिकाम्या बोटीला ते चालतं. तुमच्या बोटीला नाही. टोक सुटताना ते धाडकन खाली येतं आणि त्याला आवरायला काहीच नसतं. खाली खोल कील असलेल्या शिडाच्या बोटीला तर यातली कुठलीच पद्धत लावू नका, तिथे क्रेनच हवी.

ट्रेलर निघाला की बोट एका वेळी एका टोकाने, एकेक थर काढत खाली आणा. तळाखाली बसून हात चालेल एवढीच उंची ठेवा. रंग लावताना थप्प्यांखालच्या जागा राहतील. रंग पूर्ण सुकल्यावर शेजारी नवी थप्पी रचून मग जुनी काढा आणि तेवढे तुकडे वेगळे रंगवा. परत चढवताना हाच क्रम उलटा, फक्त त्याआधी ट्रेलरच्या टायरमध्ये हवा भरून घ्या.