मुली म्हणतात उजेड कमी करा, काका म्हणतात वाढवा

प्रश्न : नाशिकला आमचं करसल्लागाराचं ऑफिस आहे. 14 बाय 11 फुटांची खोली, चौघांची बसायची सोय. दिवाळीत फॉल्स सीलिंग करून 36 वॅटचे सहा एलईडी पॅनल बसवले, पांढरेशुभ्र, 6500 केल्विनचे. तेव्हापासून कॉम्प्युटरवरच्या दोन मुलींचे दुपारनंतर डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. आणि आमचे साठीचे अकाउंटंट काका म्हणतात, व्हाउचर वाचता येत नाही, अजून एक दिवा लावा. कुणाचं ऐकू? सोबत फोटो पाठवले आहेत.

उत्तर : दोघांचंही ऐका, दोघंही खरं बोलताहेत. इलेक्ट्रिकची कामं घेण्यात माझी हयात गेली. गिऱ्हाईक ‘किती वॅटचा लावू’ एवढंच विचारतं. उजेड डोळ्यांत कुठून शिरतो, हे कुणी विचारत नाही.

आधी हिशेब. 36 वॅटच्या पॅनलमधून साधारण साडेतीन हजार ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) निघतात. सहांचे झाले वीस हजारांच्या वर. त्यातले निम्मे जरी टेबलापर्यंत पोचले, तरी तुमच्या खोलीत 700 लक्स होतात; लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. भारतीय मानकात ऑफिससाठी 300 ते 750 लक्स सांगितलेत, मधला आकडा 500. म्हणजे उजेड कमी नाही, जागा चुकली आहे.

तुमचा दुसरा फोटो मोठा करून पाहिला. टेबलावर जाड काच, खाली कॅलेंडर, व्हिजिटिंग कार्डं, गणपतीचा फोटो; आणि गणपतीच्या बरोबर डोक्यावर छताचा अख्खा पॅनल काचेत चमकतोय. मुली मान खाली घालतात तेव्हा तो चौकोन डोळ्यांत येतो, मान वर करतात तेव्हा स्क्रीनमध्ये दिसतो. त्यात पश्चिमेची खिडकी त्यांच्या पाठीशी, म्हणून त्रास चारनंतर वाढतो. काच काढा. (काकांचा विरोध होईल, गणपती भिंतीवर लावू म्हणा.) टेबलं अशी फिरवा की खिडकी बाजूला येईल, आणि तिला पडदा किंवा ब्लाइंड लावा. या कामात फर्निचरवाल्याचा संबंध नाही, दोघांनी उचललं की झालं.

काकांचं वेगळं आहे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या जवळपास एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यात त्यांचं टेबल कोपऱ्यात आणि पॅनल पाठीमागे, त्यामुळे स्वतःच्याच डोक्याची सावली व्हाउचरवर. वर सातवा पॅनल लावलात तर काकांना फार फरक पडणार नाही, मुली मात्र राजीनामा देतील. काकांना टेबल लॅम्प द्या, सात ते नऊ वॅटचा, 4000 केल्विन (हा आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर, जास्त तेवढा निळसर पांढरा). उजव्या हाताने लिहीत असतील तर डावीकडे ठेवा आणि शेड एवढी खाली वाकवा की बसल्या जागी बल्ब दिसणार नाही.

सहाही पॅनल एकाच बटणावर असतील, तर वायरमनला बोलावून दोन बटणं करून घ्या. स्क्रीनच्या डोक्यावरचे दोन बंद राहू देत.

डोकं धरण्याचं आणखी एक कारण असू शकतं : ड्रायव्हर, म्हणजे पॅनलला वीज पुरवणारी छोटी डबी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरवरचा दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला दिसत नाही, पण काहींना जाणवतं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचा व्हिडिओ घ्या. लपलप दिसली तर ड्रायव्हर बदला, पॅनल फेकायची गरज नाही.

हे सगळं करूनही चुरचुर राहिली तर एसीचा झोत चेहऱ्यावर येतोय का पाहा, आणि मुलींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. ते काम माझं नव्हे.

पॅनल पुढेमागे बदललेच तर 4000 केल्विनचे आणि सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचा 100 पैकी आकडा) 80 च्या वरचे घ्या, दुकानात पेटवून बघूनच. जुन्यातले दोन जिन्यात लावा. तिथे 6500 खुशाल चालतं.