ओशावाची पिकअप: सी एस १४११ हा क्रमांक कसा वाचायचा

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. कॅलगरीजवळ १९७१ची शेव्हरोले सी-१० पिकअप विकायला आहे. ड्रायव्हरच्या दारातल्या पट्टीवरचा क्रमांक सी एस १४११ असा सुरू होतो आणि त्यापुढे सहा आकडे आहेत. विकणाऱ्याचं म्हणणं, गाडी कॅनडात बनलेली आहे आणि ३५० घनइंचांचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन कारखान्यातूनच आलेलं आहे. इंटरनेटवरचे तक्ते अमेरिकी गाड्यांचे असतात, ते इथे लागू पडतात का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय काकांच्या तोंडून ऐकलेल्या फार्गो ट्रकचाही उल्लेख केलाय.

गाडी कॅनडाची आहे हे खरं. १९७१ची आहे हेही खरं. कारखान्यातून व्ही-८ घेऊन निघाली हे मात्र खरं नाही, आणि ते क्रमांकाच्या दुसऱ्याच अक्षरात स्पष्ट लिहिलेलं आहे.

१९६७ ते १९७१ या काळातल्या शेव्हरोले पिकअपचा क्रमांक असा फोडायचा. पहिलं अक्षर चाकांचं: सी म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर, के म्हणजे चारही चाकांना. दुसरं अक्षर इंजिनाचं: एस म्हणजे सहा सिलिंडर, ई म्हणजे व्ही-८. तिसरा आकडा वजनाच्या वर्गाचा: १ अर्ध्या टनाची, २ पाऊण टनाची, ३ एक टनाची. चौथा आकडा बॉडीचा: ४ म्हणजे मागे हौदा असलेली पिकअप, ६ म्हणजे सबर्बन, बंद बॉडीची मोठी गाडी. पाचवा आकडा वर्षाचा शेवटचा अंक. सहाव्या जागी कारखाना. उरलेले सहा आकडे म्हणजे त्या कारखान्यातला अनुक्रमांक.

आता तुमचा क्रमांक याच्याशी ताडून बघा. मागच्या चाकांवर चालणारी, सहा सिलिंडरची, अर्ध्या टनाची पिकअप, १९७१, कारखाना १. हा कारखाना १ म्हणजे ओंटारिओमधलं ओशावा.

कॅनडाच्या गाड्यांत लोक अडखळतात ते नेमकं इथे. अमेरिकेतल्या कारखान्यांना अक्षरं होती: फ्लिंटला एफ, जेन्सव्हिलला जे, सेंट लुइसला एस, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला झेड. त्यामुळे अमेरिकी क्रमांकात मध्येच एक अक्षर येतं आणि मॉडेलचा भाग कुठे संपला, अनुक्रमांक कुठे सुरू झाला हे डोळ्यांना आपोआप कळतं. ओशावाला आकडा मिळाल्यामुळे पहिल्या दोन अक्षरांनंतर नुसती आकड्यांची माळ उरते. १९७१च्या गाडीत तर वर्षाचा १ आणि ओशावाचा १ शेजारीशेजारी, आणि अनुक्रमांकही १ने सुरू होत असेल तर तीन एक ओळीने. मग कोणी अनुक्रमांक सात आकडी धरतो, कोणी वर्षच गाळतो, कोणी 'यात कारखान्याचं अक्षरच नाही, म्हणजे पट्टी बनावट' असं ठरवून मोकळा होतो. पट्टी चांगली आहे. डावीकडून एकेक जागा मोजत जायचं, मधलं अक्षर शोधत बसायचं नाही. एवढं सांभाळलंत तर अमेरिकी तक्ता या गाडीला बिनधास्त चालेल.

१९७२ला याच रचनेच्या पुढे एक अक्षर वाढलं, शेव्हरोलेला सी आणि जीएमसीला, म्हणजे जनरल मोटर्सच्याच (जीएमच्या) दुसऱ्या ट्रक ब्रँडला, टी. त्यामुळे सगळ्या जागा एकेक घर पुढे सरकल्या. १९७३पासून इंजिनाच्या जागी एस आणि ई ही ढोबळ विभागणी जाऊन प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र अक्षर आलं, पण ओशावा १च राहिलं. १९८१ला सतरा जागांचा क्रमांक आला आणि हा प्रश्नच मिटला: सुरुवातीचा २ म्हणजे कॅनडा, दहावी जागा वर्षाची, अकरावी कारखान्याची. त्यामुळे १९८१नंतरच्या गाडीवर सतरापेक्षा कमी जागांचा क्रमांक दिसला तर सावध व्हा. १९७१च्या गाडीवर मात्र तोच बरोबर आहे. काही नोंदणी कार्यालयांतली संगणक प्रणाली सतराच जागा मागते म्हणून कोणी पुढे शून्यं जोडून कागद केले असतील, तर पट्टीवर जे आहे तेच प्रमाण धरा.

आता इंजिन. एस असलेल्या गाडीत व्ही-८ बसवणं हा त्या काळापासून आजपर्यंत सर्वांत जास्त होणारा बदल आहे, कारण जागा भरपूर आणि माउंट सहज मिळतात. त्यात वाईट काहीच नाही. चांगलं बसवलेलं ३५० चालवायला सुखाचं असतं. पण 'मूळ' हा शब्द लावून जास्त पैसे मागायचे असतील तर त्याला आधार हवा, आणि इथे पट्टीच विरोधात साक्ष देते.

समोरचं इंजिन कुठलं हेही तपासता येतं. व्ही-८च्या ब्लॉकवर दोन वेगळ्या प्रकारच्या खुणा असतात आणि विकणारे त्यांची सरमिसळ करतात. पहिली ओतीव. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, ड्रायव्हरच्या बाजूला, उठावाचा मोठा क्रमांक असतो. तिथे ३९७००१० दिसलं तर हुरळून जाऊ नका. १९६९पासून जवळजवळ संपूर्ण दशकभर ३५० इंजिनांसाठी हाच साचा वापरात होता. त्याच टोकाला दुसऱ्या बाजूला ओतल्याची तारीख असते: महिन्याचं अक्षर, दिवस, आणि वर्षाचा फक्त शेवटचा अंक. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं पुढे. सी १२ १ म्हणजे १२ मार्च, आणि वर्ष १९७१. दशक लिहिलेलं नसतं, ते साच्याच्या क्रमांकावरून ठरवायचं.

दुसरी खूण पंच केलेली. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, प्रवाशाच्या अंगाला, सिलिंडर हेडच्या पुढे एक सपाट पट्टा असतो. तिथे सुरुवातीला इंजिन जुळवणाऱ्या कारखान्याचं अक्षर, मग महिना आणि दिवस, मग इंजिन कोणत्या कामासाठी होतं ते सांगणारी अक्षरं. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलं टोनावांडा, व्ही म्हणजे मिशिगनमधलं फ्लिंट, आणि के म्हणजे ओंटारिओतलं सेंट कॅथरिन्स, म्हणजे जुना मॅकिनन कारखाना. के दिसलं की लोकांना वाटतं गाडी कॅनडाची असल्याचा पुरावा मिळाला. तसं नाही. सेंट कॅथरिन्सची इंजिनं अमेरिकेत जुळवलेल्या गाड्यांतही गेली. के वरून इंजिनाचं जन्मगाव कळतं, गाडीचं नाही.

हे असं का, ते समजून घेतलं तर या सगळ्या क्रमांकांचा गुंता सुटतो. १६ जानेवारी १९६५ला कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पीअरसन आणि अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मोटार उद्योगाच्या करारावर सह्या केल्या, ज्याला इथे ऑटो पॅक्ट म्हणतात. त्याआधी सीमेवर आयात शुल्काची भिंत होती, म्हणून प्रत्येक अमेरिकी कंपनी कॅनडात वेगळा कारखाना चालवायची आणि कॅनडापुरती वेगळी नावं, वेगळे मॉडेल क्रमांक ठेवायची. करारानंतर कारखाने वाटून घेतले गेले. ओशावात बनलेली पिकअप सीमेपलीकडे विकली जाऊ लागली आणि तिकडची इकडे. ओशावाचा नवा ट्रक कारखानाही १९६५चाच. म्हणून तुमच्या गाडीचा क्रमांक अमेरिकी तक्त्यात बसतो, आणि म्हणूनच 'कॅनडात बनलेली' आणि 'कॅनडात विकलेली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट क्रमांकातून कळत नाही.

१९६५च्या आधीच्या गाडीला मात्र अमेरिकी तक्ता लावू नका. चाळीस आणि पन्नासच्या दशकांत अमेरिकेत अर्ध्या टनाच्या शेव्हरोलेला ३१०० म्हणायचे, कॅनडात तीच १३००. तिचीच जीएमसी बहीण इथे ९३००. एखाद्या जुन्या गाडीचा क्रमांक १३ किंवा ९३ने सुरू होताना दिसला आणि अमेरिकी यादीत तो सापडला नाही, तर खोटेपणाचा संशय घेण्याआधी कॅनडाची मालिका पाहावी. जीएमचं मेपल लीफ हे जड ट्रकचं नावही फक्त इथलंच. फोर्डच्या पिकअप मर्क्युरी नावाने विकल्या गेल्या, १९४६ ते १९६८, कारण लहान गावांत फोर्ड किंवा मर्क्युरी यांपैकी एकच विक्रेता असायचा आणि दोघांनाही ट्रक हवा होता. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या नावातला आकडा भारासह एकूण वजन शेकडा पौंडांत सांगायचा. एम-४७ म्हणजे ४७०० पौंड.

फार्गोही याच भिंतीमुळे. क्रायस्लरच्या दोन विक्रेता साखळ्या, एकीकडे डॉज आणि दुसरीकडे तोच ट्रक फार्गो नावाने, आणि कॅनडात ते १९७२पर्यंत चाललं. तुमच्या काकांनी पाहिलेला फार्गो बहुधा मुंबईचा असेल. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरशी झालेल्या कराराने डॉज आणि फार्गो ट्रक तयार होत. नाव एकच असलं तरी त्याच्या पट्टीचा इथल्या फार्गोच्या क्रमांकपद्धतीशी संबंध लावायला जाऊ नका. कॅनडाशी थेट नातं होतं ते फोर्डचं: १९२६ साली स्थापन झालेली फोर्ड इंडिया ही फोर्ड कॅनडाची उपकंपनी होती, कारण ब्रिटन आणि आयर्लंड सोडून साम्राज्याची बाजारपेठ कॅनडाकडे दिलेली होती. भारतातल्या कोणा संग्राहकाकडे युद्धाआधीचं फोर्ड असेल तर त्याने कॅनडाच्या नोंदी जरूर पाहाव्यात.

परत तुमच्या गाडीकडे. क्रमांकातून न कळणाऱ्या गोष्टींत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती लांबी. आखूड हौद्याची गाडी, ११५ इंच चाकअंतराची, आज बरीच महाग जाते. लांब हौद्याची, १२७ इंचांची, त्यामानाने स्वस्त. म्हणून लांब चासी कापून आखूड करणारे पुष्कळ आहेत. दोन्हींचा क्रमांक सी एस १४नेच सुरू होतो, त्यामुळे पट्टी इथे काही बोलत नाही. बोलतो तो मॉडेल क्रमांक: सपाट बाजूच्या हौद्याला १०७३४ आखूड, १०९३४ लांब. तो ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या कागदी स्टिकरवर मिळण्याची शक्यता असते. त्याच स्टिकरवर ऑप्शनचे कोडही असतात. कागद असल्यामुळे तो क्वचितच टिकतो, आणि आता नव्याने छापलेले स्टिकरही मिळतात, तेव्हा फार कोरा करकरीत दिसला तर विचारा कुठून आला. चासी कापलेली असेल तर खालून झोपून बघितल्यावर केबिनच्या मागे वेल्डिंग आणि वेगळ्या अंतरावरची भोकं दिसतात.

शायेन वगैरे साजाची पातळी, रंग, मागच्या ॲक्सलचं प्रमाण यांतलंही काही क्रमांकात नाही. 'क्रमांकावरून शायेन आहे' असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

यासाठी कॅनडाच्या गाडीला एक मोठा आधार आहे, आणि तो अमेरिकेतल्या शेव्हरोले ट्रकवाल्यांना सहसा मिळत नाही. जीएम कॅनडाच्या जुन्या जोडणीच्या नोंदी जपलेल्या आहेत. त्या नोंदी पुरवणाऱ्या विंटेज व्हेइकल सर्व्हिसेसकडे पूर्ण क्रमांक आणि शुल्क दिलं की गाडी कोणत्या ऑप्शनसह निघाली याची नोंद मिळते. इतक्या रकमेची गाडी घेताना हे शुल्क किरकोळ आहे. विकणाऱ्याने पूर्ण क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर मी तिथेच थांबेन.

पट्टी त्याच गाडीची आहे ना, याची खात्री चासीवरून करा. उजव्या बाजूच्या चासीच्या रुळावर, वरच्या अंगाला, पुढच्या चाकाच्या आसपास क्रमांक पंच केलेला असतो. गंज आणि चिखल असतोच. मऊ ब्रश आणि थोडं तेल पुरतं, ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका. अल्बर्टा, मॅनिटोबा इथल्या कुजलेल्या केबिन बदलणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि केबिनबरोबर दारातली पट्टीही बदललेली असू शकते. दोन्ही क्रमांक जुळले नाहीत तर ती गाडी कागदोपत्री कोणती, हे विकणाऱ्याला आधी सोडवू द्या. क्रमांकात फेरफार करणं कॅनडात फौजदारी गुन्हा आहे, ते ओझं तुम्ही अंगावर घेऊ नका.

वर्ष गाडीवरही पडताळा. १९७१ला पुढे चौकोनी जाळीची ग्रिल आली आणि पुढची डिस्क ब्रेक सर्व गाड्यांना मिळाली. आतला आरसा छपरावर बसवलेला असावा. काचेला चिकटवलेला असेल तर तो भाग १९७२चा. बाजूचे मार्कर दिवे १९६८पासूनचे, म्हणजे ते असायलाच हवेत.

शनिवारी गाडी बघायला जाताना टॉर्च, आरसा, ब्रश न्या. ब्लॉकचा पुढचा पट्टा, मागची ओतीव तारीख, चासीवरचा पंच आणि ग्लोव्ह बॉक्सचं झाकण यांचे फोटो काढून इथे टाका, फक्त पूर्ण क्रमांकाचे शेवटचे चार आकडे झाका. आणि भाव ठरवताना ही 'मूळ सहा सिलिंडरची, नंतर व्ही-८ बसवलेली' गाडी आहे असंच धरून बोला. विकणाऱ्याकडे जुनं सहा सिलिंडरचं इंजिन अजून पडलेलं असेल तर तेही सौद्यात मागून घ्या.