शांघायमध्ये ३०,००० युआनात भागेल का? आधी फापियाओचं विचारा

तुमची पोस्ट वाचली आणि म्हटलं, ही तर माझीच ऑफर, फक्त काही वर्षं उशिरा आलेली. महिना ३०,००० युआन, त्यातले ९,००० हाउसिंग अलाउन्स म्हणून दाखवलेले, बायको, चार वर्षांची मुलगी, आणि प्रश्न असा की शांघायमध्ये एवढ्यात भागतं का. मेडिकल, वीचॅट, अलीपेला कार्ड जोडणं वगैरे सगळं तुम्हाला कुठेही सापडेल, ते सोडतो.

भागतं. पण ते ९,००० तुमच्या हातात कोणत्या रूपात येणार, हे एचआरला सही करायच्या आधी विचारा. चीनमध्ये परदेशी कर्मचाऱ्याला घरभाडं कंपनीकडून बिल दाखवून मिळालं तर ते करमुक्त धरता येतं, ही सवलत सध्या २०२७ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. बिल म्हणजे घरमालकाने वहीतल्या कागदावर लिहून दिलेली पावती नव्हे, फापियाओ, टॅक्स खात्याच्या सिस्टीममधून निघालेलं. ते नसेल तर तेच ९,००० पगारात मिसळतात आणि त्यावर कर लागतो. तुमचाच आकडा घ्या. वर्षाचे ३,६०,००० वजा ६०,००० ची सरसकट वजावट, राहिले ३ लाख, कर साधारण ४३,००० युआन. भाड्याचे १,०८,००० बाजूला काढता आले तर कर साधारण २१,५०० वर येतो, म्हणजे निम्मा. सोशल इन्शुरन्सची कपात मी यात धरलेली नाही, ती धरली की दोन्ही आकडे खाली येतील पण फरक तेवढाच राहील. रुपयात अडीच लाखांच्या पुढे, दरवर्षी, एका कागदावर अवलंबून. (मी सीए नाही, तुमच्या कंपनीच्या टॅक्सवाल्याकडून एकदा खात्री करून घ्या. आणि हो, ही सवलत घेतली की तिथल्या रहिवाशांना मिळणारी भाड्याची महिना १,५०० ची वजावट मिळत नाही, एका वर्षात दोन्हीपैकी एकच.)

आता माझं काय झालं ते. घर शोधून देणाऱ्या एका एजन्सीच्या ऑफिसात, नाव लिहीत नाही, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की फापियाओशिवाय घर नको. इंग्रजी बोलणारा पोरगा होता, गोड बोलायचा, म्हणाला अजिबात काळजी करू नका, मिळतो, सगळ्यांना मिळतो. करार दोन भाषांत, डावीकडे चिनी उजवीकडे इंग्रजी. एक महिन्याचं डिपॉझिट, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, वर एजंटचे महिन्याच्या भाड्याचे ३५ टक्के, ही तिथली नेहमीची पद्धत. ९,००० च्या घराला हे ३९,००० च्या वर जातं, म्हणजे पहिला पगार यायच्या आधी पगारापेक्षा जास्त रक्कम गेलेली असते, आणि लोक महागाई म्हणजे कॉफीची किंमत धरून बसतात.

तर पैसे गेले, सामान लागलं, पोलीस चौकीत राहत्या पत्त्याचं रजिस्ट्रेशनही झालं, कारण एजन्सीने घराच्या मालकीच्या कागदाची कॉपी दिली होती आणि चौकीत कोणी फार खोलात शिरलं नाही. मग एचआरने फापियाओ मागितला. 'मालक' आज देतो उद्या देतो करत राहिला, शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला घेऊन मीच टॅक्सच्या सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी माझा करार आणि मालकीच्या कागदाची कॉपी शेजारी शेजारी ठेवली, पेनच्या मागच्या टोकाने आधी या नावावर टकटक केलं, मग त्या नावावर, आणि दोन्ही कागद काचेखालून परत सरकवले. दोन वेगळी माणसं! ज्याला मी घरमालक समजत होतो तो स्वतःच भाडेकरू निघाला आणि आम्ही त्याचे पोटभाडेकरू. तिकडे याला 'अर-फांगतुंग' म्हणतात, दोन नंबरचा घरमालक, आणि हा धंदा सर्रास चालतो. त्याच्या नावावर घर नाही, मूळ मालकाने पोटभाड्याला लेखी परवानगी दिलेली नाही, तर तो फापियाओ आणणार कुठून? वर करारात चिनी बाजूला एक ओळ होती की भाड्यात कर धरलेला नाही, म्हणजे फापियाओ निघालाच तर त्याचा कर माझ्या माथी. इंग्रजी बाजूला ती ओळच नव्हती. आणि दोन्हींत फरक पडला तर चिनी मजकूर ग्राह्य, हे मात्र दोन्ही बाजूंना छापलेलं.

एजन्सीत गेलो तर तो गोड पोरगा 'दुसऱ्या ब्रँचला' गेलेला. त्याच्या जागी बसलेल्या बाई म्हणाल्या, आम्ही फक्त ओळख करून देतो. ओळख करून द्यायचे ३५ टक्के! त्यांना मालकाचं नाव माहीत होतं, कागदाची कॉपी त्यांच्याच फायलीतून आली होती, आणि तरी दुसऱ्याच नावाचा करार माझ्यापुढे ठेवला. याला मी निष्काळजीपणा म्हणत नाही. शेवटी १२३४५ वर तक्रार केली (शहराची हेल्पलाइन, इंग्रजीतही बोलतात, खरंच वापरा), तेव्हा कुठे त्यांचा फोन आला आणि कमिशन परत मिळालं. डिपॉझिट गेलं ते गेलंच, आणि जेवढे महिने फापियाओ नव्हता तेवढ्यांचा कर पगारातून कापला गेला.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. घर आवडलं की आधी मालकीच्या कागदावरचं नाव, करारातलं नाव, ओळखपत्रावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्याचं नाव, चारही एकच आहेत का ते चिनी येणाऱ्या सहकाऱ्याकडून बघून घ्या, एजंटकडून नाही. फापियाओ कोण देणार, कधी देणार आणि त्याचा कर कोणाच्या खिशातून, हे चिनी बाजूला लिहून घ्या. बरेच मालक फापियाओ हवा म्हटल्यावर भाडं थोडं वाढवून मागतात, चिडू नका, हिशोब करा, बहुतेक वेळा वाढीव देऊनही तुम्ही फायद्यात राहता. सगळ्यात उत्तम म्हणजे कंपनीने स्वतःच्या नावावर करार करावा. करत नाहीत, पण मागायला काय जातं.

बाकी खर्चाचं म्हणाल तर रोजचं जगणं महाग नाही. मेट्रो पहिल्या सहा किलोमीटरला ३ युआन, पुढे दर दहा किलोमीटरला एक. भाजी मंडईतून घेतली तर कोथिंबीर, भेंडी, कारली, दुधी सगळं मिळतं, तूरडाळ आणि हिंग तेवढे ऑनलाइन मागवावे लागतात. गाडीचा विचार करू नका, पेट्रोल गाडीच्या नंबर प्लेटचाच लिलाव होतो आणि तो ९०,००० युआनच्या आसपास जातो. घर स्वस्त पाहिजे म्हणून काही जण मेट्रोच्या ११ नंबर लाइनने पार हुआचियाओला जातात, पण ते शांघाय नाही, जियांगसू प्रांत आहे, पोलीस रजिस्ट्रेशनही तिकडचं, कुटुंब घेऊन पहिल्याच वर्षी ही भानगड नको. ऑफिस झांगजियांगला (शहराच्या पूर्वेकडच्या पूडोंग भागात) असेल तर घरही पूडोंगमध्येच बघा. ९ नंबर लाइनने जिउतिंग या पश्चिमेकडच्या उपनगरातून सकाळी एकदा आत येऊन बघा, आपली विरार फास्ट सुसह्य वाटेल.

खरी ठेच शाळेत लागते. इंटरनॅशनल शाळेची फी वर्षाला दोन लाख युआनच्या पुढे सहज जाते, म्हणजे तुमच्या एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त. कंपनी फी देत नसेल तर इंटरनॅशनलचं नाव काढू नका, चार वर्षांच्या मुलीला साध्या चिनी बालवाडीत घाला, सहा महिन्यांत ती तुमच्यासाठी दुकानात भाव करेल. मुलांच्या फीलाही फापियाओवर करसवलत आहे, तेही एचआरला विचारा. बायको तुमच्यासोबत डिपेंडंट म्हणून येणार तर तिला त्या परमिटवर नोकरी करता येत नाही, हे घरी आत्ताच बोलून घ्या. आमच्याकडे यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

आणि एक, डिग्री, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला यांच्यावर अपोस्टिल (कागदपत्रं परदेशात ग्राह्य धरली जावीत म्हणून मारतात तो आंतरराष्ट्रीय शिक्का) करून घेऊ नका. चीन २०२३ मध्ये अपोस्टिल करारात आला हे खरं, पण भारताने हरकत घेतल्यामुळे आपल्या दोन देशांत तो लागू नाही. राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग चिनी दूतावास, हाच जुना रस्ता. फोर्टातले काही एजंट अजूनही 'सर आता चायनाला अपोस्टिल चालतं' म्हणून पैसे घेतात.

मग एवढं करून जायचंच का? मी तर म्हणेन जा. बायको रात्री अकराला एकटी सायकल घेऊन भाजी आणायला जायची आणि मला त्यात काही वाटेनासं झालं, हे मला पुण्यात परत आल्यावर कळलं. ह्वांगपू नदीच्या काठाने मैलोन् मैल चालायला रस्ता आहे, दोन युआनात फेरीबोट पलीकडे नेते, रविवारचा खर्च तेवढाच. बारा बारा तास काम करणारी ऑफिसं आहेत, २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ९९६ (सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस) बेकायदा म्हटलं तरी सगळीकडे थांबलेलं नाही, तेव्हा टीममधल्या कोणाशी तरी बोलून घ्या. हिवाळ्यात घरात हीटिंग नसतं आणि जूनच्या पावसात कपाटातल्या चामड्याच्या बुटांना बुरशी येते, कोकणातले असाल तर सवय असेल. डीह्युमिडिफायर मात्र घ्याच. आणि सोशल इन्शुरन्समध्ये पेन्शनचा तुमचा जो भाग कापला जातो तो देश सोडताना परत मागता येतो, अर्ज निघण्यापूर्वी करा, अनेक जण विसरतात.

ऑफर लेटरमधला अलाउन्सचा क्लॉज चिनीत काय लिहिलाय तो नाव-पत्ता खोडून इथे टाका, बघून सांगतो.