रशियन वाद्यवृंद-संचालक इल्या मुसिन स्वतः फारसे गाजले नाहीत, मग संगीतविश्वात त्यांचं नाव एवढं मोठं का?

कारण त्यांचे शिष्य. युरी तेमिर्कानोव, वालेरी गेर्गीएव, सेम्यॉन बिचकोव हे तिघेही नामवंत संचालक लेनिनग्राड (आजचं सेंट पीटर्सबर्ग) कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयात, त्यांच्याच वर्गात घडले. तिथे मुसिन १९३२ पासून १९९९ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ सदुसष्ट वर्षं शिकवत होते.

स्वतःची कारकीर्द मात्र अडखळत गेली. मिन्स्कमध्ये ते बेलारूसच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते, पण १९४१ मध्ये युद्ध आलं. मग ताश्कंदला स्थलांतर. तिथे १९४२ मध्ये त्यांनी सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी सादर केली. युद्धानंतर लेनिनग्राडला परतले, पण ज्यू असलेल्या आणि कम्युनिस्ट पक्षात कधीच न गेलेल्या या माणसाला मोठा वाद्यवृंद कायमचा मिळाला नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

त्यांची खरी देणगी हाताच्या भाषेची. संचालकाने नुसता ताल मोजायचा नाही, संगीताचा आकार हातांतून दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. वादकाला तोंडी समजावण्यापेक्षा हाताने दाखवा, असं ते शिकवत. १९६७ मध्ये या तंत्रावर त्यांचं पुस्तकही आलं.

आणि लंडनमध्ये त्यांनी पहिल्यांदा वाद्यवृंद संचालन केलं ते १९९६ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी!