घाटवाटेवरची विहीर आणि सिमेंटची गोणी

प्रश्न : ताई, आम्ही कळव्याला राहतो. गाव मुरबाड तालुक्यात, नाणेघाटाच्या पायथ्याकडे. जुन्या वाटेवरच्या दगडी विहिरीची कड ढासळली आहे. गावातली मुलं वर्गणी काढून सिमेंटचा गिलावा करणार आहेत. करू द्यावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वर्गणी निघतेय, हे वाचून मला फार आनंद झाला. पण सिमेंट थांबवा, आजच गावी फोन करा. चुन्यातलं जुनं बांधकाम ओल बाहेर सोडतं. सिमेंट ती आत कोंडतं, मग क्षार साचतात आणि दगडाचेच पापुद्रे सुटतात. माझे वडील गवंडी होते. चुना कित्येक दिवस भिजवून, दगडी चाकाच्या घाण्यात वाळूबरोबर मळून, हाताला लोण्यासारखा लागेपर्यंत ते कामाला घेत नसत.

सुमारे २००० वर्षांपूर्वी जुन्नरचा माल याच घाटातून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरे. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. लोक जकातीचा म्हणून दगडी रांजणाचे फोटो काढतात. मला मात्र कातळात खोदलेली पाण्याची टाकी जास्त मोलाची वाटतात. तहानलेल्या माणसा-जनावरांना पाणी मिळालं, म्हणून तर वाट चालली. तुमची विहीरही त्याच कामाची.

आधी पुरातत्त्व विभागाकडे विचारा, ती संरक्षित असल्यास परवानगी लागेल. पडलेले दगड कुणाला पायरीसाठी नेऊ देऊ नका; फोटो काढून, क्रमांक घालून बाजूला रचा. पिंपळाचं मूळ उपटू नका, कापा. चुन्याचं काम दिवाळीनंतर काढा आणि ओल्या गोणपाटाखाली सावकाश सुकू द्या.