बी.कॉम. सोडू नको, पण नुसत्या डिग्रीवर बसू नको

भावा, परभणीत राहून नोकरीसाठी पुण्याचा पन्नास हजाराचा कोर्स लावायचा म्हणायलास, जरा थांब. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला बिलांची शीट पुढं ठेवली अन् म्हणले महिनावार बेरीज काढून दाखव, फर्स्ट क्लास असून हात थरथरायले, कारण कॉलेजात तीन वर्षं एक्सेल फक्त फळ्यावर बघितलेलं.

आधी स्पोकन ट्युटोरियल बघ, कॉम्प्युटर शिकवणारे व्हिडिओ, आयआयटी मुंबईचं आहे, मराठीतून अन् फुकट. मग घरातली सोयाबीनची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळालेली हिशोबाची पावती, घे, वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं वेगवेगळ्या रकान्यात टाक, दोन-तीन वर्षांच्या पट्ट्या भरल्या की पिव्हट टेबल लाव, म्हणजे एक्सेलच महिनावार गट पाडून बेरजा काढून देतं, कोणत्या महिन्यात विकून जास्त पैसे हाती आले ते आपोआप दिसतं. हीच फाईल इंटरव्ह्यूत उघडून दाखव, सर्टिफिकेटपेक्षा जड पडते खरंच सांगतो.

स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स शिकायला फुकटच आहेत, फी फक्त परीक्षेची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२१ च्या नियमानं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करून त्यांचे क्रेडिट, म्हणजे डिग्रीत धरले जाणारे श्रेयांक, घेता येतात, तुझं कॉलेज कोणते विषय धरतं ते फॉर्म भरायच्या आधीच ऑफिसात विचार. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) अन् जीएसटी नंतर शिक, आणि इंग्रजी मेल रोज एक तरी लिही.